लेझरसाठी रोटरी घेताना: रोलर की चक, आणि त्याआधी काय मोजायचं

रोटरी म्हणजे गोल वस्तू लेझरखाली फिरवणारं जोडयंत्र. रोलरच्या रोटरीत वस्तू दोन रोलरांवर नुसती ठेवलेली असते, चकच्या रोटरीत जबड्यांत पकडलेली. प्रश्न थोडक्यात असा. हाताशी निळ्या किरणाचं डायोड लेझर आहे, बेड ४०० बाय ४०० मिमी. त्यावर रंगाचा थर दिलेले स्टीलचे टम्बलर, कान असलेले मग, अधूनमधून पेन आणि पुढेमागे काचेचे ग्लास यांच्यावर नावं-नक्षी खोदायची आहे. रोटरी रोलरची घ्यावी की चकची? आणि उद्या सीओटू किंवा फायबर (लेझरचे दुसरे दोन प्रकार) मशीन आलं तर तीच रोटरी त्यावर चालेल का?

उत्तर आधी सांगतो, कारणं मग. या यादीसाठी चकची रोटरी घ्या. तिचा कोन बदलता यायला हवा, दुसऱ्या टोकाला आधार द्यायला टेलस्टॉक हवा, आणि जबडे वस्तू बाहेरून तसेच आतूनही धरणारे हवेत. रोलरची रोटरी वाईट अजिबात नाही, काही कामांत ती चकपेक्षा सरस आहे. पण तुमच्या यादीतल्या बहुतेक वस्तू तिच्यावर त्रास देतील. जाहिरातीतल्या फोटोत रोटरीवर बहुधा एखादी सरळसोट बाटली ठेवलेली असते, आणि सरळ बाटलीला कुठलीही रोटरी चालते. खरी परीक्षा असते ती निमुळत्या, कान असलेल्या आणि फार बारीक वस्तूंवर. म्हणून खरेदीआधी ज्या वस्तू करणार त्या टेबलावर मांडा आणि वर्निअर कॅलिपरने मोजून लिहून काढा: सर्वांत मोठा व्यास, सर्वांत लहान व्यास, लांबी, तोंडाचा आतला व्यास, वजन. रोटरी या कागदावरून निवडायची.

त्याहीआधी एक गोष्ट तपासा, कारण काही कामांना रोटरी लागतच नाही. गोल वस्तूच्या माथ्यावर लहान लोगो टाकायचा असेल तर कडेला पृष्ठभाग किती खाली उतरतो एवढंच बघायचं असतं. ८० मिमी व्यासाच्या टम्बलरवर १० मिमी रुंद मजकूर टाकला तर त्याच्या कडा माथ्यापेक्षा साधारण ०.३ मिमी खाली असतात. रुंदी २० मिमी केली की हा फरक १.३ मिमी होतो आणि ४० मिमीला थेट ५.४ मिमी. पहिला आकडा जवळपास कुठलंही लेझर चालवून घेतं. दुसरा तुमच्या लेन्सवर अवलंबून आहे, भंगार तुकड्यावर करून बघा. तिसऱ्याला मात्र रोटरीच हवी. पेनाचं तर बहुतेक काम इथेच मिटतं. १० मिमी जाडीच्या पेनावर लांबीच्या दिशेने ४ मिमी उंचीच्या अक्षरांत नाव टाकलं तर कडेची घट ०.४ मिमी भरते. व्ही आकाराची खाच पाडलेली लाकडी पट्टी बेडवर चिकटवा, पेन त्यात ठेवा, झालं. एका वेळी दहा पेनं लागतात, प्रत्येक वेळी चक उघडा-बंद करायला नको. पेनाभोवती पूर्ण फिरणारी नक्षी हवी असेल तरच त्याला रोटरीवर चढवा.

आता रोलर. दोन समांतर रोलर, त्यातला एक मोटर फिरवते आणि वस्तू वर नुसती ठेवलेली असते. ती फिरते ती केवळ घर्षणावर. याचे फायदे खरे आहेत. वस्तू ठेवायला आणि काढायला दोन सेकंद लागतात, व्यास कितीही असो जबड्यात मावण्याचा प्रश्न नसतो, लांब लाकडी दांडा किंवा भरलेली जड बाटली आरामात बसते. एकाच मापाच्या सरळ बाटल्यांची मोठी ऑर्डर असेल तर मी रोलरच काढतो.

त्रास सुरू होतो तो वस्तू हलकी किंवा निमुळती झाली की. हलका ॲल्युमिनियमचा टम्बलर सुरुवातीच्या झटक्यातच किंचित घसरतो, आणि रोलरला ते कळायचा काही मार्ग नसतो. मशीन आपल्या हिशोबाने पुढे जातं, नक्षी मात्र सरकते. यावर उपाय आहेत. वस्तू आणि रोलर दोन्ही स्पिरिटने पुसून घ्यावेत, कारण हाताचं तेलसुद्धा पुरतं घसरायला. जिथे रोलर टेकतो तिथे वस्तूभोवती मास्किंग टेपचा एक वेढा द्यावा. वस्तू पोकळ असेल तर आत वाळूची पुरचुंडी गच्च बसवून वजन वाढवावं, मात्र ती आत गडगडता कामा नये. मोटरचा वेग आणि त्याहीपेक्षा प्रवेग कमी करावा. एवढं केलं की सरळ वस्तू नव्याण्णव टक्के वेळा नीट येते.

निमुळत्या वस्तूवर मात्र हे उपाय अपुरे पडतात. निमुळता ग्लास टेबलावर आडवा ठेवून ढकलून बघा: तो सरळ जात नाही, वळत जातो. रोलरवरही त्याला तसंच वळायचं असतं. रुंद टोकाचा परीघ मोठा आणि अरुंद टोकाचा लहान, रोलरचा वेग मात्र दोन्हीकडे एकच. मग कुठेतरी घसरण होणारच, आणि ग्लास हळूहळू एका टोकाकडे सरकू लागतो. चांगल्या रोलर रोटरीत एक टोक उचलायची सोय असते आणि एकाच टोकाची चाकं ओढतात, दुसऱ्या टोकाला मोकळी फिरणारी बेअरिंग असते. अशी असेल तर काम होतं, पण सरकू नये म्हणून तळाशी एक अडथळा लावावा लागतो आणि नजर हटवून चालत नाही.

कान असलेल्या मगाचं तर विचारूच नका. कान रोलरच्या सांगाड्याला अडतो हा एक भाग. दुसरा भाग असा की कानाकडचं वजन जास्त असल्यामुळे मग स्वतःच खाली वळायला बघतो, आणि घर्षणावरच सगळी भिस्त असलेल्या यंत्राला ते परवडत नाही.

चकमध्ये हे प्रश्न मुळातच येत नाहीत. लेथवर असतो तसाच तीन जबड्यांचा चक, वस्तू त्यात पकडलेली, मोटर चकला फिरवते. घसरण नाही, सरकणं नाही. मग आतून पकडायचा: जबडे मिटलेले आत घालायचे आणि बाहेरच्या दिशेने उघडायचे, म्हणजे कान मोकळा राहतो. खरेदी करताना आतून पकडण्याची मर्यादा वेगळी विचारा. ‘८० मिमी चक’ म्हणजे चकच्या अंगाचा व्यास ८० मिमी, तो ८० मिमीची वस्तू पकडेलच असं नाही. तुमच्या कागदावरचा तोंडाचा आतला व्यास या मर्यादेत बसतो का, हे एका मापात ठरतं. बऱ्याच चकबरोबर जबड्यांचा उलटा संच येतो, किंवा पायऱ्यांचे जबडे असतात. जबड्यांवर रबरी टोप्या किंवा नळीचे तुकडे चढवा, नाहीतर स्टीलवर तीन ठसे कायमचे उमटतात. आणि पातळ भिंतीच्या टम्बलरचं तोंड जोराने आवळू नका. त्रिकोणी झालेलं तोंड पुन्हा गोल होत नाही आणि झाकणही बसत नाही.

चकचा तोटा म्हणजे वस्तू एकाच टोकाला धरलेली असते. लांब टम्बलरचं मोकळं टोक लोंबतं किंवा थरथरतं, म्हणून टेलस्टॉक हवा. टेलस्टॉकचं टोक अणकुचीदार असेल तर त्यावर रबराचा शंकू बसवा. तळ सपाट असलेल्या टम्बलरला मधोमध टेकवायचं हे थोडं हातावर बसावं लागतं, पण जमतं. ज्या रोटरीला टेलस्टॉक नाही पण खाली सरकता आधार आहे, तीसुद्धा चालेल. दोन्ही नसेल तर लांब वस्तूंसाठी ती घेऊ नका.

निमुळत्या टम्बलरचं गणित एकदा नीट समजून घ्या, कारण बाजारात निमुळते टम्बलरच जास्त असतात. समजा तोंडाशी व्यास ९० मिमी, तळाशी ७० मिमी आणि उंची १६० मिमी. म्हणजे त्रिज्या ४५ वरून ३५ झाली, १६० मिमीत १० मिमीची घट. रोटरी आडवी ठेवली तर वरची कड इतकीच उतरती दिसेल, म्हणजे ८० मिमी उंचीच्या डिझाइनमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फोकस ५ मिमीने चुकेल. डायोडला ते अजिबात चालत नाही, एका बाजूची अक्षरं धारदार आणि दुसऱ्या बाजूची पसरट येतात. रोटरी साधारण ३.६ अंश तिरपी केली की वरची रेघ सपाट होते. म्हणूनच मी कोन बदलण्याच्या सोयीवर एवढा अडून बसलो. तशी सोय नसेल तर एका टोकाखाली पाचर सारून भागतं, पण प्रत्येक वस्तूला नव्याने पाचरी शोधण्यात वेळ जातो आणि पाचर हललेली पटकन लक्षातही येत नाही. कोन मोजायची गरज नाही. लेझर हेड डिझाइनच्या एका टोकावर नेऊन अंतर मोजा, मग दुसऱ्या टोकावर, दोन्ही सारखी होईपर्यंत तिरपं करा.

फोकस सुटला तरी आकाराचा प्रश्न उरतो. चकवर वस्तू अंशांत फिरते. एका अंशाला तोंडाशी जास्त मिमी पडतात, तळाशी कमी. त्यामुळे याच टम्बलरवर मधोमध ८० मिमी उंचीचं डिझाइन ठेवलं तर त्याच्या वरच्या कडेला व्यास ८५ आणि खालच्या कडेला ७५ असतो. सॉफ्टवेअरमध्ये डिझाइनच्या मध्याचा व्यास, म्हणजे ८०, भरा. मग वरची बाजू सव्वासहा टक्के रुंद आणि खालची तितकीच अरुंद येईल. मजकुरात हे कुणाच्या लक्षात येत नाही, उलट ग्लासच्या आकाराला ते शोभून दिसतं. अचूक वर्तुळ असलेला लोगो असेल तर मात्र जाणवतं, तिथे डिझाइन आधीच उलट दिशेने तेवढं आवळून घ्यावं. ग्लासभोवती जाणारी आडवी रेघ चकवर कायम एकाच उंचीवर राहते, ती स्वतःशी जुळतेच. रोलरवर निमुळत्या ग्लासची रेघ अशी जुळवणं हे फार चिकाटीचं काम आहे.

उंचीकडे बहुतेकांचं लक्ष रोटरी घरी आल्यावर जातं, तेव्हा उशीर झालेला असतो. रोटरीच्या तळापासून चकच्या मध्यापर्यंतची उंची घ्या, त्यात वस्तूची मोठ्यात मोठी त्रिज्या मिळवा, वर तुमच्या लेझरचं फोकस अंतर मिळवा. मध्य ६० मिमीवर आणि टम्बलर ९० मिमीचा असेल तर वस्तूचा माथाच १०५ मिमीवर जातो. टेबलावर बसणाऱ्या डायोड मशीनच्या हेडखाली एवढी जागा सहसा नसते, म्हणून मशीनला उंच पाय लावावे लागतात. पाय चारही सारखे आणि भक्कम हवेत. डगमगणाऱ्या चौकटीत हेड वेगाने डावी-उजवीकडे गेलं की ती हलते आणि अक्षरांच्या कडा दुहेरी दिसतात.

उंचीचाच दुसरा, कमी बोलला जाणारा भाग म्हणजे चक स्वतः. ८० मिमीच्या चकची त्रिज्या ४० मिमी. त्यात १० मिमीचं पेन पकडलं तर पेनाचा माथा मध्यापासून ५ मिमी वर आणि चकचा माथा ४० मिमी वर, म्हणजे चक पेनापेक्षा ३५ मिमी उंच. कमी फोकस अंतराचं डायोड हेड पेनाच्या मागच्या टोकाकडे गेलं की चकवर आदळतं. बारीक वस्तूंसाठी लांब जबडे, किंवा चकमध्ये पकडायचा छोटा कोलेट चक (बारीक वस्तू चहूबाजूंनी आवळणारी पकड), किंवा वस्तू पुढे काढून धरणारी दांडी लागते. तुमच्या यादीत बारीक वस्तू जास्त असत्या तर मी लहान चकची रोटरीच सुचवली असती.

जोडणीकडे येऊ. गॅन्ट्री मशीनमध्ये, म्हणजे हेड आडव्या पुलावर सरकतं अशा मशीनमध्ये, रोटरी वाय मोटरच्या (पूल पुढे-मागे नेणाऱ्या मोटरच्या) जागी जोडली जाते: हेड डावी-उजवीकडे जातं, पुढे-मागे जाण्याऐवजी वस्तू फिरते. मशीन पूर्ण बंद करून, प्लग काढून, मगच मोटरची वायर काढा. चालू मशीनमध्ये स्टेपरची (ठरावीक पायऱ्यांनी फिरणाऱ्या या मोटरची) वायर उपटली तर तिला प्रवाह देणारा ड्रायव्हर जळू शकतो. चार वायरी म्हणजे दोन कॉइल. मल्टिमीटरवर ज्या दोन वायरींत सलगता दाखवते ती एक जोडी. जोड्या चुकल्या तर मोटर फिरण्याऐवजी जागेवर गुरगुरते. दिशा उलटी आली तर एकाच जोडीतल्या दोन वायरी अदलाबदल करा, किंवा डिझाइन आरशासारखं उलटं येतंय का ते पाहून सॉफ्टवेअरमध्ये दिशा बदला.

काही मशीनमध्ये वायसाठी दोन मोटर एकाच ड्रायव्हरवर समांतर जोडलेल्या असतात आणि ड्रायव्हरचा प्रवाह दोघींच्या हिशोबाने ठेवलेला असतो. त्याजागी रोटरीची एकच लहान मोटर आली की सगळा प्रवाह तिच्या वाट्याला येतो. पंधरा मिनिटांनी मोटरला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, बोट ठेववत नसेल तर प्रवाह कमी करायला हवा. रोटरीच्या माहितीपत्रकात मोटरचा प्रवाह दिलेला नसेल तर विक्रेत्याकडून तो मागून घ्या.

वायची वायर काढली की गॅन्ट्री मोकळी होते. ती हाताने हलते, म्हणजे काम चालू असताना हादऱ्यानेही हलू शकते. हेड वस्तूच्या बरोबर माथ्यावर आणा आणि गॅन्ट्री दोन्ही बाजूंनी चौकटीला क्लॅम्पने किंवा घट्ट टेपने बांधा. हेड माथ्यापासून बाजूला असेल तर किरण उतारावर पडतो, फोकस जातो आणि ठिपका लांबट होतो. माथा सापडायला सोपं आहे: वस्तूवर सपाट पट्टी आडवी टेकवा, ती पाणसळीत असताना जिथे टेकते तो माथा. रोटरी हेडच्या चालीला समांतर आहे का हेही याच वेळी बघा. कमी शक्तीचा ठिपका वस्तूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेताना तो सतत माथ्यावरच राहिला पाहिजे.

जीआरबीएल या नियंत्रण सॉफ्टवेअरवरच्या मशीनमध्ये चालू झाल्या झाल्या होमिंग (हेडने आपली मूळ जागा शोधणं) होत असेल तर ते बंद करा, म्हणजे ‘$२२’ शून्य करा, आणि ‘$२०’ मधली हालचालीची मर्यादाही शून्य. नाहीतर वाय स्विच शोधत रोटरी गरागरा फिरत राहील. वाय प्रवेग ‘$१२१’ मध्ये आणि कमाल वेग ‘$१११’ मध्ये असतो. बदलण्याआधी मूळचे सगळे आकडे कागदावर उतरवून मशीनच्या अंगावरच चिकटवा. काम सुरू करताना ‘आहे त्या जागेपासून’ हा पर्याय ठेवा.

आता आकडे. लाइटबर्न या लेझर चालवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, रोटरी सेटअपखाली, चक की रोलर हे निवडायचं आणि एका फेरीचं माप भरायचं असतं. रुइडा कंट्रोलरच्या मशीनला ते स्टेपमध्ये (मोटरच्या पायऱ्यांत) विचारतं, जीआरबीएलला मिमीमध्ये. हे मिमी म्हणजे वस्तूचा परीघ नव्हे, तिथेच सगळे अडकतात. वाय जितके मिमी सरकल्यावर रोटरीची एक पूर्ण फेरी होईल तितके मिमी भरायचे. २ मिमी अंतराच्या दात्यांचा बेल्ट आणि २० दात्यांची पुली असेल तर मोटरच्या एका फेरीत वाय ४० मिमी सरकतो. १.८ अंशांची मोटर म्हणजे फेरीला २०० स्टेप, ड्रायव्हरने दर स्टेपचे १६ भाग (मायक्रोस्टेप) केले तर ३२००, म्हणून वायचे ८० स्टेप प्रति मिमी. रोटरीची मोटर चकला थेट जोडलेली असेल तर फेरी ४० मिमीची. मध्ये तीनास एक बेल्ट असेल तर १२० मिमीची, आणि फेरीला ९६०० स्टेप. हे भरल्यावर चाचणीचं बटण दाबा. चकवर टेपचा तुकडा लावून खूण करा. खूण बरोबर एक फेरी घेऊन जागेवर आली पाहिजे, जराही अलीकडे-पलीकडे नाही.

रोलर असेल तर वस्तूच्या व्यासाला महत्त्व नाही, रोलरच्या व्यासाला आहे, कारण पृष्ठभाग रोलरच्या वेगाने सरकतो. रोलरवर रबरी रिंग असेल तर माप रिंगवरून घ्यायचं, धातूवरून नाही. रोलर २० मिमी लिहिला आणि रिंगेसह तो २०.५ भरला तर चूक अडीच टक्के. ८० मिमीच्या टम्बलरच्या २५१ मिमी परिघावर ती सव्वासहा मिमी होते. टम्बलरभोवती फिरणारी नक्षी तितक्याने एकमेकींवर चढते. चकवर याच्या उलट सुख आहे. व्यास एखाद मिमी चुकला आणि डिझाइनची रुंदी तुम्ही भरलेल्या व्यासाच्या परिघाइतकीच ठेवली, तर दोन्ही चुका एकमेकींना खातात आणि नक्षी बरोबर एका फेरीत मिटते. फक्त ती केसभर ताणलेली किंवा आवळलेली असते. पूर्ण वेढ्याची कामं चकवर सोपी जातात त्याचं हे मोठं कारण आहे.

बेल्टचं गुणोत्तर मी मुद्दाम विचारायला सांगतो. ८० मिमी वस्तूवर ३२०० स्टेपच्या रोटरीची एक स्टेप ०.०७८ मिमी पडते. ओळींमधलं अंतर ०.१ मिमी ठेवलं तर दर ओळीला सव्वा स्टेप हवी, जी मोटर देऊ शकत नाही. मग ती कधी एक स्टेप घेते, कधी दोन, आणि भरीव भागात फिकट-गडद पट्टे दिसू लागतात. लोक शक्ती आणि वेग बदलत बसतात, दोष मात्र तिथे नसतो. ९६०० स्टेपच्या रोटरीत एक स्टेप ०.०२६ मिमी, चार स्टेप म्हणजे ०.१०५ मिमी. ओळींचं अंतर तेवढं ठेवा, पट्टे जातात. थेट जोडलेल्या रोटरीवर अंतर ०.०७८ किंवा ०.१५७ ठेवून भागवता येतं. व्यास वाढला की स्टेप मोठी होते, म्हणून मोठ्या बाटल्या करणाऱ्याला बेल्टची रोटरी जास्त उपयोगी.

आणि कुठलीही रोटरी घ्या, खोदकामाची दिशा अशी ठेवा की हेड वस्तूच्या लांबीवर मागे-पुढे धावेल आणि रोटरी प्रत्येक ओळीनंतर एकाच दिशेने थोडी थोडी फिरेल. स्कॅनचा कोन शून्य ठेवला की हे आपोआप होतं. मोटर एकाच दिशेने फिरत असल्यामुळे बेल्टमधली किंवा गिअरमधली ढील दिसतच नाही, झटके नाहीत, रोलरवर घसरणही जवळजवळ थांबते. रेषांची बाह्याकृती काढायला लावली तर रोटरी सारखी उलटसुलट फिरते आणि सगळी ढील बाहेर येते: वर्तुळाची दोन टोकं जुळत नाहीत. त्यामुळे रोटरीवर मी बारीक बाह्याकृतीसुद्धा भरीव करून, स्कॅननेच काढतो. कोन नव्वद अंश करून वस्तू वेगाने मागे-पुढे फिरवण्याचा मोह टाळा, त्यात वेळ वाचत नाही.

रोटरी हातात आली की चकमध्ये एखादी सरळ, घासून गुळगुळीत केलेली सळई पकडा, बाजूला पेन्सिलीचं टोक जेमतेम टेकेल असं स्थिर ठेवा आणि हाताने फिरवा. टोक एका बाजूला टेकून दुसऱ्या बाजूला दिसेल इतकं सुटत असेल तर चक मध्यात नाही. जबडे काढून स्वच्छ करून क्रमांकाप्रमाणे परत बसवा, बऱ्याचदा दोष तिथेच असतो. जबड्यांवर आणि त्यांच्या खाचांवर १, २, ३ कोरलेले असतात. क्रम चुकला तर चक कधीच मध्यात धरत नाही.

पुढच्या मशीनबद्दल. सीओटूवर हीच चक रोटरी चालते, फक्त कनेक्टर, मोटरचा प्रवाह आणि स्टेप जुळवाव्या लागतात. तिथे बेड खाली घ्यायची सोय असेल तर उंचीचा प्रश्न हलका होतो, आणि लांब फोकसची लेन्स लावली तर निमुळत्या वस्तूंना थोडी सूटही मिळते. फायबरचं गॅल्व्हो मशीन वेगळ्या पद्धतीने चालतं. तिथे हेड सरकत नाही, आरसे किरण फिरवतात आणि डिझाइन अरुंद पट्ट्यांत कापून एकेक पट्टी माथ्यावर आणली जाते. त्याची रोटरी स्वतंत्र ड्रायव्हरवर चालते आणि बहुधा चकचीच असते. डायोडसाठी घेतलेल्या हलक्या रोटरीवर तिथे अवलंबून राहू नका. फायबर घ्याल तेव्हा त्याच्या ड्रायव्हरला साजेशी रोटरी सोबतच घ्या.

पाय लावून मशीन उंच केलं की खालून मोकळी फट राहते, हे गंभीरपणे घ्या. चकचकीत स्टीलच्या गोल अंगावरून किरण वाटेल त्या दिशेला परततो, सपाट वस्तूवर असा तो पसरत नाही. चारही बाजू आणि खालची जागा झाका, आणि डोळ्यांवर त्याच तरंगलांबीचा चष्मा लावा. निळ्या डायोडचा चष्मा सीओटू किंवा फायबरला उपयोगी नाही. टम्बलरचा रंगाचा थर जळताना धूर होतो. पंखा आणि बाहेर नेणारी नळी लावल्याशिवाय सुरू करू नका. पीव्हीसीचं आवरण असलेली कुठलीही वस्तू रोटरीवर काय, मशीनमध्येच ठेवू नका, तिच्यातून क्लोरीनयुक्त वायू निघतो, जो फुप्फुसांनाही घातक आहे आणि मशीनलाही.

काचेचे ग्लास यादीत आहेत म्हणून शेवटी तेवढं. निळा किरण स्वच्छ काचेतून आरपार जातो, त्यामुळे रोटरी कितीही चांगली असली तरी नुसत्या काचेवर काही उमटणार नाही. काचेवर काळ्या पाण्याच्या रंगाचा पातळ, एकसारखा थर द्या, पूर्ण वाळू द्या, मग खोदकाम करा आणि नंतर धुऊन टाका. दांडीचा ग्लास चकमध्ये तोंडाच्या आतून धरता येतो, पण रबरी टोप्यांशिवाय नाही आणि जबडे फक्त टेकतील इतकेच उघडायचे. मधला गोलवा जिथे सर्वांत सपाट आहे तिथेच डिझाइन ठेवा आणि उंची ३० ते ४० मिमीच्या आत राखा. पहिल्या ग्लासवर वेगवेगळ्या शक्तीचे लहान चौकोन काढून बघा. ज्या चौकोनाला नखाने खरवडल्यावर पापुद्रे सुटतात ती शक्ती जास्त आहे, त्याच्या एक पायरी खाली या.